कोकण किनाऱ्याची कौटुंबिक सहल: आधी भरती-ओहोटी, मग बुकिंग

हॉटेल आधी ठरतं, गाडी नंतर ठरते, आणि समुद्र कोणत्या वेळी आत असेल नि कोणत्या वेळी बाहेर, हे शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. मग अलिबागला पोहोचल्यावर कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाणी भरलेलं असतं, हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा फुटत असतात आणि मुलं भर दुपारी तापलेल्या वाळूत कंटाळून बसलेली असतात. यातलं बहुतेक सगळं घरी, पंचांग समोर ठेवून टाळता येतं. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, कारण पुढचा प्रत्येक निर्णय आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## १. तारखेआधी तिथी पाहा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी आठला वाळू मोकळी होती म्हणून उद्याही आठलाच असेल, असं धरू नका.

घरच्या घरी अंदाज काढायला किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या वापरला जाणारा हिशोब पुरतो: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना तो सारखाच लागू होतो. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. उदाहरणार्थ, चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पूर्ण भरती पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ मिळतो, म्हणजे सकाळी सव्वानऊ.

या हिशोबाने महिन्याचे चार तुकडे पडतात:

- द्वितीया ते पंचमी: ओहोटीचा तळ सकाळी पावणेआठ ते दहा. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हेच दिवस धरा. ऊन चढायच्या आत वाळू मोकळी मिळते आणि उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) नुकतंच होऊन गेल्यामुळे पाणी लांबवर सरतं.
- सप्तमी ते नवमी: तळ साडेअकरा ते एक. वेळ उन्हाची, आणि ही भांगाची भरती. म्हणजे पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही.
- द्वादशी ते चतुर्दशी: तळ दुपारी सव्वातीन ते पावणेपाच. संध्याकाळच्या पायपिटीला उत्तम.
- पौर्णिमा आणि अमावास्या: दुपारी पूर्ण भरती, पहाटे आणि संध्याकाळी तळ. उधाणामुळे अरुंद किनाऱ्यांवर दुपारी वाळू जवळपास उरत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक भांगाच्या दिवसांत होते. 'अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे कुलाब्याला चालत जाता येईल' हा तर्क अर्धाच बरोबर आहे. ओहोटी असते, पण पाणी पुरेसं उतरलेलं नसल्याने वाट कोरडी पडेलच असं नाही. नुसती वेळ पाहू नका, पाण्याची उंचीही पाहा.

पाऊणपटीचा हिशोब तास-पाऊण तास चुकू शकतो. तारखा निवडायला तो पुरे, पण त्यावर विसावून पाण्यात पाऊल टाकायचं नाही. त्यासाठी त्या बंदराचं छापील किंवा ऑनलाइन भरतीचं कोष्टक हवं. मुंबईचं कोष्टक मालवणला लावू नका. दक्षिणेकडे भरती आधी येते आणि चढ-उतारही कमी असतो. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास.

ऋतूबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात गर्दी आणि उकाडा तर असतोच, शिवाय पावसाआधीच्या लांब लाटा यायला लागतात. जून ते ऑगस्ट जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, तेव्हा किल्ल्यासाठी जायचं असेल तर ते महिने सोडा.

तपासा: मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापुढे तिथी, भरतीच्या दोन वेळा आणि ओहोटीच्या दोन वेळा लिहिल्या का? हा कागद तयार झाल्याशिवाय बुकिंग करू नका.

## २. मुक्काम एकच ठेवा

तीन रात्रींत अलिबाग, गणपतीपुळे आणि तारकर्ली बसवण्याचा हट्ट बहुतेक सहलींचा बळी घेतो. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालून, घाट चढून-उतरून जातो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचाच हिशोब धरा. तीन रात्रींना एक मुक्काम, पाच-सहा रात्रींना फार तर दोन.

मुक्काम निवडताना तीन गोष्टी तासाभराच्या अंतरात आहेत का ते पाहा: मुलांना चालेल असा सपाट किनारा, पायी फिरण्याजोगी एक वाट, आणि एक किल्ला, देऊळ किंवा वारसास्थळ. असे काही जमलेले गट:

- श्रीवर्धन-हरिहरेश्वर: लांब किनारा, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, श्रीवर्धनमधलं बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं स्मारक, आणि खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला व नाना फडणवीसांचं वेळास.
- दापोलीजवळचे मुरूड-कर्दे: सपाट, टणक वाळू. हर्णै बंदर, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आणि जमिनीवर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे छोटे दुर्ग.
- रत्नागिरी-गणपतीपुळे: देवळं, मालगुंडचं केशवसुत स्मारक, जयगड आणि दक्षिणेला कशेळीची कातळशिल्पं.
- मालवण: सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, आणि उत्तरेला गाडीने थेट दारापर्यंत जाता येणारा विजयदुर्ग.

खाड्या ओलांडायला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. त्यांनी मोठा वळसा वाचतो. मात्र शेवटची फेरी चुकली तर तोच वळसा रात्रीच्या अंधारात पडतो. जातानाच परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा.

## ३. दिवसाची मांडणी ओहोटीभोवती करा

प्रत्येक दिवसाचा कणा एकच: ओहोटीचा तळ. चालायचं, खडक पाहायचे, किल्ल्यावर पायी जायचं ते तळाच्या आधी दीड तासापासून. पोहायचं तर तळ गाठून पाणी पुन्हा चढायला लागल्यावर, पहिल्या दोन तासांत. पूर्ण भरतीच्या आसपास जेवण, झोप, देऊळ, स्मारक.

श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या मुक्कामी तृतीया ते पंचमी असे तीन दिवस मिळाले, तर मांडणी अशी बसते.

तृतीया, पोहोचण्याचा दिवस. भरती दुपारी अडीचच्या सुमारास होऊन गेलेली, संध्याकाळी पाणी उतरत असतं. प्रवासाने शिणलेली मुलं, मावळता उजेड आणि बाहेर जाणारं पाणी हे तिन्ही एकत्र नकोत. आज फक्त वाळू आणि घोट्याएवढं पाणी. पहिल्याच संध्याकाळी 'जरा डुबकी मारून येतो' म्हणणाऱ्या मोठ्यांनाच आवरावं लागतं.

चतुर्थी. तळ सव्वानऊ. आठ वाजता प्रदक्षिणेला सुरुवात, साडेनऊपर्यंत वर. तिथून किनाऱ्यावर, दहा ते अकरा पाण्यात. अकरानंतर सावली. संध्याकाळी पेशवे स्मारक आणि किनाऱ्यावरची चाल.

पंचमी. तळ दहा. सकाळी लवकर बागमांडल्याहून फेरीने वेसवी, बाणकोट, वेळास. वेळासला कासवांच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल, जात असाल तर पिल्लं समुद्रात सोडण्याची वेळ सकाळी लवकर आणि संध्याकाळी असते. त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम वेळासलाच हवा. अंडी उबून पिल्लं रोज बाहेर पडतीलच असं नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवा. फ्लॅश नाही, हात लावायचा नाही, दोरीच्या आत पाऊल नाही.

सावधान: हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट कड्याच्या घळीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकावर येते. चढत्या पाण्यात इथे लाट माणसाला खडकावरून ओढून नेते आणि परत चढायला जागा मिळत नाही. भरतीत, उंच लाटांचा इशारा असताना आणि अंधारात ही वाट पूर्ण वर्ज्य. ओहोटीतही पाण्याकडेच्या ओल्या, शेवाळलेल्या कडेला फोटोसाठी उभं राहू नका.

## ४. सामान: थोडं, पण नेमकं

मागे पट्टा असलेले सँडल प्रत्येकाला. चपला खडकावर घसरतात आणि ओल्या वाळूत रुततात. फिरताना माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची चार-पाच पाकिटं, रुंद काठाच्या टोप्या, पाण्यात घालायला मुलांना भडक केशरी किंवा पिवळे कपडे. निळे, हिरवे, राखाडी कपडे पाण्यात दिसत नाहीत. वयस्कांसाठी घडीची खुर्ची, कारण वाळूत बसलेल्याला उठणं कठीण जातं. शिट्टी, बॅटरी, गरम पाण्याचा थर्मास (त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात).

## ५. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं पाहा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि जीव जातात ते इथेच.

किनाऱ्यावर थोड्या उंच जागी उभं राहून दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. चार गोष्टी शोधायच्या.

उतार. लाटा लांबवर, एकामागे एक ओळीत फुटत येत असतील तर किनारा सपाट आहे. एकच मोठी लाट अगदी पायाशी आदळत असेल आणि परतताना वाळू खरवडून नेत असेल, तर उतार तीव्र आहे. दोन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर जातं. गणपतीपुळ्याचा किनारा असा फसवा आहे. तिथे पाण्यात शिरू नका, वाळूवर बसा.

ओढ. लाटा फुटत असलेल्या दोन पट्ट्यांमध्ये गडद, शांत दिसणारा, फेस किंवा गढूळ वाळू बाहेर वाहून नेणारा पट्टा दिसतो का? किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत समुद्रात जात असतं. 'इथे लाटा कमी आहेत' म्हणून आई-वडील मुलांना नेमके याच जागी नेतात. भरती चढत असली म्हणजे ओढ नसते असंही नाही.

खाडीचं मुख. ओहोटीत अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. मुखाच्या दोन्ही बाजूंना चांगलं अंतर सोडा, आणि पाणी घोट्याएवढं दिसलं तरी खाडी चालत ओलांडू नका.

वारा. सकाळी वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे असतो, दुपारनंतर उलटा. सकाळच्या शांत पाण्यात हवा भरलेली ट्यूब घेतलेलं मूल म्हणूनच गपगुमान बाहेर सरकत जातं. ट्यूब आणि हवेचे तराफे तलावात ठीक, समुद्रात नकोत.

पाहून झालं की स्थानिक मच्छीमाराला किंवा जीवरक्षकाला विचारा. प्रश्न 'इथे पोहता येतं का?' असा नको, कारण त्यावर 'हो, जपून' एवढंच उत्तर मिळतं. 'सुकती (म्हणजे ओहोटी) किती वाजता?', 'ओढ कुठल्या बाजूला आहे?' आणि 'इथे कोणी बुडालंय का?' असं विचारा.

मग नियम:

1. मूल त्याच्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंत, मोठे कमरेपर्यंत. पोहता येणाऱ्यांनाही हेच.
2. मोठा माणूस मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभा राहील, किनाऱ्याकडे नाही.
3. किनाऱ्यावर एक जण फक्त मोजायला. त्याच्या हातात मोबाइल नाही. दर २० मिनिटांनी माणूस बदला, कारण लक्ष टिकत नाही.
4. मद्य घेतलेला माणूस पाण्यात नाही. पहाऱ्यावरही नाही.
5. सूर्यास्तापूर्वी सगळे बाहेर.

ओढीत सापडल्यास: किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दमून बुडणारे असेच दमतात. पाठीवर तरंगा, हात वर करून ओरडा, ओढ मंदावली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग आत या. बाहेर असलेल्याने मागून उडी मारायची नाही. दोरी, रिकामा बंद कॅन, ओढणी, बांबू, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेका.

आणखी एक चूक दर सुट्टीत दिसते: गाडी वाळूवर नेणं. ओली वाळू टणक वाटते, गाडी थांबली की चाकं रुततात, आणि ती काढेपर्यंत भरती येते. गाडी रस्त्यावरच.

## ६. किल्ल्यावर जाताना

पायी: कुलाबा. कोष्टकातल्या तळाच्या दीड तास आधी अलिबागच्या किनाऱ्यावरून निघा आणि तळानंतर तासाभरात परत किनाऱ्यावर या. किल्ल्यात जाऊन वेळ विसरणं ही नेहमीची चूक, म्हणून परतीचा गजर निघतानाच लावा. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणेश पंचायतन, गोड्या पाण्याची जागा आणि शेजारचा छोटा सर्जेकोट पाहायचा. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत, ते मुलांना हात लावून दाखवा. भांगाच्या दिवसांत वाटेवर पाणी असेल तर चालत जाण्याचा हट्ट सोडा. परत येताना पाणी घोट्यावर आलं तर थांबून फोटो नाही, सरळ किनारा गाठा.

होडीने: जंजिरा, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग. सकाळच्या पहिल्या होड्या धरा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की पाणी खवळतं, मुलांना उलट्या होतात आणि उतरणं अवघड होतं.

जंजिऱ्यासाठी राजापुरीच्या जेट्टीवरून होडी मिळते. होडीवाले किल्ल्यात साधारण पाऊण तासच देतात, त्यामुळे काय पाहायचं ते आधी ठरवा: दरवाजा, कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचं तळं, आणि तटावरून एक फेरी. खरी जोखीम उतरताना असते. दरवाजाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं आणि होडी वरखाली होत असते. होडी वर आली की पाऊल टाका, खाली जाताना नाही. मुलाला कडेवर घेऊन उतरू नका. आधी एक मोठा उतरेल, मग मूल हातात द्या.

सिंधुदुर्गाचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं. शिवराजेश्वर मंदिर, महाराजांच्या हाता-पायांचे ठसे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी पाहायला दीड तास लागतो. तटाचा पूर्ण घेर सुमारे तीन किलोमीटर, बहुतेक बिनसावलीचा. आजी-आजोबांना देवळापर्यंतच न्या.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, त्यामुळे सुट्ट्यांना तिथे गर्दी धरूनच निघा.

तपासा: लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का? खांद्याला धरून वर ओढा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, दुसरं मागा. मिळालं नाही तर ती होडी सोडा.

## ७. सडा आणि कातळशिल्पं

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, कोरलेली ही चित्रं पाहायला जाणारे निम्मे लोक निराश होतात, कारण ते दुपारी बाराला पोहोचतात. डोक्यावरच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत. तिरपा उजेड हवा: सूर्योदयानंतरचा दीड-दोन तास किंवा मावळतीआधीचा. तेव्हा खोदाईत सावली पडते आणि कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीची आकृती उठून दिसते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे गवत व पाण्यामुळे बरंच झाकलेलं असतं.

फोटोसाठी रेषांत खडू भरू नका, पाणी ओतू नका, चित्रावरून चालू नका, अनवाणीही नाही. जांभा झिजतो. मुलांसाठी कडेने फिरून 'यात कोणते प्राणी दिसतात?' हा खेळ पुरेसा रंगतो. सकाळी कशेळीची शिल्पं, मग गावातलं कनकादित्याचं मंदिर, असा क्रम धरला तर ऊन चढेपर्यंत सावलीत पोहोचता.

## ८. दंश आणि दुखापत

पाखट: उथळ वाळूत दडून बसतं. पाणी तुडवताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे ते आधीच सरकतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. थर्मास यासाठीच. पाण्याची उष्णता मोठ्याने न दुखणाऱ्या हाताने तपासायची, जखमेच्या पायाने नाही. नंतर दवाखाना. काटा पोटात किंवा छातीत रुतला असेल तर उपसू नका, तसाच घेऊन जा.

जेलीफिश: समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू खरवडू नका, चिमट्याने अलगद उचलून काढा. वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. किनाऱ्यावर मेलेली पडलेली असेल तरी तिचा दंश होतो.

नाकातोंडात पाणी गेलेलं मूल: बाहेर काढल्यावर खोकला थांबत नसेल, श्वास जलद असेल किंवा ते सुस्तावत असेल, तर 'आता बरं आहे' म्हणून खोलीवर नेऊ नका, रुग्णालयात न्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण मदतीसाठी ११२, समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलासाठी १५५४. मुक्कामापासून जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे पहिल्या संध्याकाळीच हॉटेलवाल्याला विचारून भरतीच्या त्याच कागदावर लिहून ठेवा. किनाऱ्यावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा हाच कागद कामाला येतो.